पावलाचं माप

१

वाळूत संसार मांडायचा म्हणजे वाळूच्या कलानं घ्यावं लागतं. भाकरीत वाळू, अंथरुणात वाळू, पोरीच्या वेणीत वाळू. पहिले आठ दिवस श्रीदेवी नुसती रडकुंडीला आली होती. तिचं माहेर येडशीकडचं. तिकडची माती हातात घेतली की ढेकूळ होते. ही बया मुठीत आवळली तरी बोटांतनं पळून जाते.

उन्हाळा तोंडावर आला की धरणाचं पाणी मागं सरकतं आणि सीनेच्या जुन्या पात्रातला वाळूचा पट्टा उघडा पडतो. परंडा तालुक्यातल्या ह्या काठावर पुनर्वसनातली चार-दोन घरं दर साली टरबुजाची वाडी करतात. यंदा पाणी उशिरा हटलं, म्हणून बाकीच्यांनी नाद सोडला. मल्लेशनं सोडला नाही. हा गडी एकदा मनात घेतलं की कुणाच्या बापाला ऐकायचा नाही. त्यानं तुराट्यांची खोप घातली, वाऱ्याच्या अंगाला कूड केला, आणि बायको-पोरीला घेऊन थेट वाळूतच राहायला आला.

खरं सांगायचं तर श्रीदेवीला ते मनातनं आवडलं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली, मही चार वर्षांची झाली, पण नवऱ्याशी पोटभर बोलायला मिळालं ते इथंच. गावात सासू, दीर, शेजार. तिथं मल्लेश मान खाली घालून जेवायचा आणि मान खाली घालून झोपायचा. इथं तो गाणी म्हणायचा. बेसूर म्हणायचा, पण म्हणायचा.

वाळूत टरबूज लावायचं तर आळं खोल लागतं. वरची वाळू कोरडी, दुपारी चटका देणारी. खाली ओल लागेपर्यंत उकरायचं, शेणखत भरायचं, मग रोप. आणि वाळूत खड्डा काही उभा राहत नाही. इकडनं उपसावा तर तिकडनं घसरतो. अंतर मोजायला टेप आणला होता, तो पहिल्याच दिवशी वाळूत गडप झाला. मग मल्लेशनं टाचेला अंगठा, अंगठ्याला टाच असं पाऊल लावत आळ्यांचं माप घेतलं. दोन्ही हात पसरून, तोल सावरत.

"अवो, सर्कशीत जावा तुमी," श्रीदेवी खोपीतनं ओरडली.

"तू तिकीट काढून येशील का?"

रोपं संपली तेव्हा पाण्याकडचं शेवटचं आळं रिकामं राहिलं. मापून झालं होतं, उकरूनही झालं होतं. मल्लेशनं खोरं खांद्यावर टाकलं. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला, "दोन दिसांत आपोआप बुजंल."

२

ते बुजलं नाही.

आधी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. कामं का थोडी असतात? सकाळी घागरीनं पाणी घालायचं, वाऱ्यानं आळ्यात पडलेली वाळू हातानं काढायची, वेल चालू लागले की त्यांना दिशा द्यायची, फळ धरलं की त्याखाली पाचट सारायचं. दर सकाळी प्रत्येक आळ्यात ओंजळ-दोन ओंजळ वाळू आलेलीच असायची. एके दिवशी श्रीदेवी ती काढत काढत शेवटपर्यंत गेली आणि रिकाम्या आळ्यापाशी थांबली.

त्यात वाळूचा कणसुद्धा पडला नव्हता. मल्लेशनं उकरलं होतं ते आपलं ओबडधोबड, गोलसर. हा खड्डा चौकोनी होता. कोपरे धरलेले. आणि मल्लेशनं सोडला त्यापेक्षा चांगलाच मोठा.

"तुमी आजून उकरलं व्हय ते?" तिनं विचारलं.

"मला काय दुसरा धंदा न्हाय का? वाळूचोर आसत्याल. टॅक्टर घालायच्या आधी खड्डा घेऊन बघत्यात, वाळू किती खोल हाय ती."

हे पटण्यासारखं होतं. वाळूचोरांचा ह्या पट्ट्यावर सुळसुळाट होताच. पण चोर कोपरे कशाला धरतील, हे काही तिच्या डोक्यातनं जाईना. चाकाची खूण नव्हती, उपसलेल्या वाळूचा ढीग नव्हता.

"खाली चिकणमाती आसंल," मल्लेश म्हणाला. "म्हनून भिंत धरलीय."

तो पाणी आणायला गेल्यावर तिनं वाकून भिंतीत बोट घातलं. भुसभुशीत, कोरडी, मोकळी वाळू. बोट पार मुळापर्यंत आत गेलं. तिनं ते बाहेर काढलं तसे चार दाणे खाली घरंगळले, आणि भिंत होती तशी उभी राहिली. श्रीदेवीनं पदराला बोट पुसलं. असेल काहीतरी, ओलीचा गुण असेल, असं ती स्वतःशी म्हणाली. पण त्या दिवसापासून महीला पाण्याकडं एकटं जाऊ द्यायचं तिनं बंद केलं.

३

पाण्याजवळची वाळू सकाळी दमट असते. ठसा असा नेमका उठतो की कुठला पक्षी चालून गेला तेही सांगता येतं. त्या सकाळी खड्ड्याच्या चारी कडांनी पावलं उठली होती. टाचेला अंगठा, अंगठ्याला टाच. कुठं तसूभर फट नाही.

श्रीदेवी ठशांवर वाकली. मल्लेशच्या उजव्या पायाचं दुसरं बोट लहानपणी मोडून वर राहिलेलं. ते जमिनीला टेकत नाही. ह्या ठशांतही ते बोट नव्हतं.

ती खड्ड्याभोवती फिरली. वाळूत तिची स्वतःची पावलं उमटत गेली, खोपीपासून इथपर्यंतची ओळ स्पष्ट दिसत होती. त्या दुसऱ्या पावलांना मात्र येण्याची ओळ नव्हती. जाण्याचीही नव्हती. नुसती कडेकडेनं चौकोन पुरा करून ती जिथं सुरू झाली तिथंच संपली होती.

"झोपेत चालता का वो तुमी?" चहा देताना तिनं विचारलं.

"सकाळ सकाळ काय काढलंस?"

तिनं त्याला हाताला धरून नेलं आणि दाखवलं. मल्लेशनं वाकून ठसे बघितले. मग त्यानं आपला उजवा पाय उचलून एका ठशात ठेवला. पाय आत बरोबर बसला. तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं.

"आसंल," तो म्हणाला. "झोपेत आलो आसंल म्या."

"आन् माघारी कसं गेला?"

त्यावर त्यानं खोरं आणलं आणि खड्डा बुजवायला घेतला. दोघांनी मिळून वाळू लोटली, वरनं तुडवली, घाम पुसत पुसत दोघं हसलेसुद्धा. दुसऱ्या सकाळी खड्डा उघडा होता, भिंती उभ्या होत्या आणि कडांनी पावलं होती. परत बुजवला, परत उघडा. त्यानंतर मल्लेशनं खोऱ्याला हात लावला नाही.

४

मग मल्लेश बसायला लागला.

दुपारी जेवण झालं की आडवं व्हायची त्याची सवय. ते सोडून तो उठायचा आणि खड्ड्याच्या कडेला जाऊन मांडी घालून बसायचा. पाठ ताठ, हात मांडीवर, तोंड पाण्याकडं. असं ऊन की वेलांची पानं माना टाकायची, आणि हा उघड्या डोक्यानं तासन् तास बसून. हाक मारली तर यायचा, नाही असं नाही. पण पहिल्या हाकेला कधी नाही. गाणं तर बंदच झालं.

"काय बघता तिथं?"

"काय न्हाय. बसाय बरं वाटतं."

त्या वाळूतनं तो अनवाणी यायचा, सावकाश, एकेक पाऊल टेकवत. श्रीदेवीला चपला घालूनही पाय उचलून पळावं लागायचं. एकदा तिनं त्याचे तळवे हातात घेऊन पाहिले. भाजले असतील, फोड आले असतील म्हणून. तळवे गार होते. घागरीच्या बुडासारखे गार. तिनं ते आपल्या ओटीत घेतले, पदरानं चोळले, आणि तिला रडू फुटलं. मल्लेशनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती कशाला रडतेय हे त्याला ठाऊक नव्हतं.

आठवड्याभरानं सासू, रुद्रम्मा, नातीला बघायला आली. फडक्यात धपाटी, डब्यात शेंगाचटणी. वाडी बघून तिला लई आनंद झाला. फळांवर थापा मारत, पोराचं कौतुक करत ती पाण्याकडं गेली आणि खड्ड्यापाशी येऊन थबकली. मग कडेनं चालत तिनं ती पावलं बघितली. ओठ हलत होते, मोजत होती.

"हे माप कशानं घेतलं?" तिनं श्रीदेवीला विचारलं. आवाज एकदम बारीक.

"टेप हरवला आत्याबाई. ह्यांनी पावलानं..."

रुद्रम्मानं सुनेचं मनगट धरलं. "पोरी, तुला कुणी सांगितलं न्हाय व्हय गं? आपल्यात माणूस गेलं की बसवून पुरत्यात. मांडी घालून. खड्डा त्याच्याच पावलानं मापायचा, एकेका बाजूला ठरल्याली पावलं, टाचेला अंगठा लावून. आत एका बाजूला कोनाडा कोरून त्यात बसवायचं. हे मेल्या माणसाचं माप हाय. जित्या माणसानं आपलं आपुन घेऊ ने."

श्रीदेवीनं लग्नानंतर घरात एकच मयत पाहिली होती, आणि बायकांना खड्ड्याकडं कोण नेतं? मल्लेशला तरी कुठं ठाऊक होतं! माप घ्यायचं काम जाणत्या म्हाताऱ्यांचं. ठाऊक असतं तर त्यानं तसा खेळ केला नसता.

"जुनं गाव ह्याच पाण्याखाली," सासू म्हणाली. "आपली मानसं इथंच बसल्यात. कुठं, ते आता कुणाला ठाव?"

"मग उपाय काय, आत्याबाई?"

"म्या कुठनं सांगू? असं कधी झालंच न्हाय." म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. "त्याला घेऊन चल. आत्ताच्या आत्ता."

मल्लेश ऐकेल तर शपथ. फळ आठ दिवसांवर आलंय, कोल्ही टपून बसलीत, वाडी सोडून कुठं येऊ, असं म्हणत त्यानं आईला गाडीवर बसवून गावात पोचवलं आणि परत येऊन आपल्या जागी बसला. श्रीदेवीनं पिशवी भरली, महीला कडेवर घेतलं, मी चालले म्हणाली.

"जा," तो शांतपणे म्हणाला. "म्या हाय इथं."

ती खोपीपासून बांधापर्यंत गेली आणि परत फिरली. ह्या माणसाला इथं एकटा सोडला तर परत दिसायचा नाही, हे तिला उन्हाइतकं लख्ख कळलं होतं.

५

पिशवी खाली ठेवली आणि ती विचार करायला लागली. खड्डा बुजत नाही. नवरा हलत नाही. पण माप? मापानंच सगळं सुरू झालं ना? ज्याच्या पावलाचं माप त्याचा खड्डा. मग माप मोडलं तर? खड्डा कुणाच्याच पायाचा राहिला नाही तर?

वेडगळपणा वाटला तिला. आपण काय करतोय हे बाहेरच्या कुणी पाहिलं तर हसेल, असंही वाटलं. पण हातावर हात धरून बसण्यापेक्षा वेडं ठरलेलं बरं. तिनं पाटी उचलली, पाण्याच्या कडेचा काळा गाळ भरला आणि खड्ड्याच्या भिंतींना आतनं लिंपायला सुरुवात केली. पाटीमागनं पाटी. गाळ थापायचा, हातानं दाबायचा, वर पुन्हा थापायचा. चारी बाजूंनी, सारखं. महीला तिनं खोपीत निजवलं होतं.

आणि काय आश्चर्य, गाळ धरला! सकाळी पाहिलं तर लिंपलेलं जसंच्या तसं. बुजवलेलं खड्ड्याला चालत नव्हतं, लहान केलेलं चालत होतं. तिच्या अंगात बळ आलं. दुसरा अख्खा दिवस तिनं गाळ ओढला. नखं फाटली, कंबर धरली. मल्लेश कडेला बसून बघत होता. त्यानं थांबवलं नाही, मदतही केली नाही.

दिवस कलता कलता तिनं त्याची चप्पल आणून, आधी जितके ठसे उठायचे तितक्या वेळा कडेनं लावून बघितली. शेवटचं पाऊल कोपरा ओलांडून पार पुढं जात होतं. मग स्वतःचं पाऊल लावलं. तेही बसेना. तरी तिची खात्री होईना, म्हणून आणखी चार पाट्या थापल्या. बाईचं असो, बाप्याचं असो, ह्या मापाचं पाऊल आता कुणाचं असणं शक्य नव्हतं.

"आता म्या मावत न्हाय ह्यात," मल्लेश म्हणाला.

घागर भरली म्हणावं तितक्या साधेपणानं म्हणाला. मग तो उठला, गुडघे झाडले, आणि दोन पावलं टाकताच एका पायावर उडी मारली.

"आयला! पोळतंय की! माझी चप्पल कुठाय गं?"

श्रीदेवीच्या हातात ती चप्पल होतीच. तिनं ती त्याच्या पायात सरकवली आणि तिथंच, चिखलानं माखलेल्या हातांनी, त्याला मिठी मारली. तो "अगं, अगं" करत राहिला. रात्रीच्या भाकरीला त्यानं दोनदा कालवण मागून घेतलं.

सकाळी वाळू कोरी होती. एक पाऊल नाही. त्याच्या पुढच्या सकाळीही नाही. श्रीदेवीनं सोनारीच्या काळभैरवाला मनातल्या मनात नारळ कबूल केला आणि फळं तोडायला लागली.

६

परंड्याचा जैनोद्दीनभाई, टरबुजाचा व्यापारी, पिकअप घेऊन आला तेव्हा ऊन माथ्यावर होतं. बोलका माणूस. आल्या आल्या त्यानं एक फळ बुक्की मारून फोडलं, लाल गर तोंडात टाकला आणि मान डोलावली.

"माशाल्ला! भाभी, वाळूचा माल तो वाळूचा माल. अशी गोडी काळ्या रानात येत नाही बघा."

मल्लेश हसला. त्यानं फळं डोक्यावरनं वाहायला सुरुवात केली, आणि वाहता वाहता त्याच्या तोंडून ते बेसूर गाणं निघालं. श्रीदेवी फळं झेलून गाडीत रचत होती. गाणं ऐकून तिला इतकं बरं वाटलं की तिनं महीला टरबुजाची मोठी फोड दिली आणि "जा, खेळ" म्हणाली. बऱ्याच दिवसांत ती असं म्हणाली नव्हती.

गाडी निम्मी भरली. जैनोद्दीनभाई हात धुवायला पाण्याकडं गेला आणि टॉवेलला हात पुसत परत आला.

"भाभी, तो खड्डा लई कारागिरीनं केला तुम्ही. चिखलानं एकदम घोटून काढलाय. पर त्याच्यात तो कोनाडा कशासाठी?"

"कोनाडा?"

"आत. एका बाजूला. छोटासा."

तिनं कोनाडा केला नव्हता. हातातलं फळ तिनं गाडीत ठेवलं, की ते निसटलं, तिला कळलं नाही. मल्लेश पलीकडं वेलांत वाकला होता. तिनं आधी तिकडं बघितलं. तो तिथं होता, चपला पायात होत्या, गात होता. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिनं पाण्याकडं मान वळवली.

मही खड्ड्याच्या कडेनं चालली होती. टाचेला अंगठा, अंगठ्याला टाच. तिनं बापाला बघितलं असेल, पोरं बघतात ते करतात, असं श्रीदेवीनं स्वतःला सांगितलं. पोरगी अनवाणी होती. भर दुपारच्या त्या वाळूत ती पाय उचलून पळत नव्हती, सावकाश चालत होती. तिच्या मागं कडेला छोटी छोटी पावलं उठत होती, आणि कोपऱ्यावर आली तेव्हा शेवटचं पाऊल कोपऱ्यात बरोबर बसलं. ना पुढं, ना मागं.

हे माप तिनंच केलं होतं. आपल्या हातानं, नखं फाटेपर्यंत.

महीचा एक हात वर होता. खांद्याच्या वर, कोपरात किंचित वाकलेला, मूठ मिटलेली. बाजारात मोठ्या माणसाचं बोट धरून चालतात तसा. तिच्या शेजारी वाळू मोकळी होती. ती मान वर करून कुणाचं तरी ऐकत होती, आणि ऐकता ऐकता हसून मान हलवत होती.

"मही!"

श्रीदेवी पळाली. वाळू पायाखालनं घसरत होती, एक पाऊल पुढं टाकावं तर अर्धं मागं येत होतं. मागनं मल्लेशचं गाणं बंद पडलं, जैनोद्दीनभाई काहीतरी ओरडला.

"मही, थांब! इकडं ये! आईकडं ये गं!"

पोरीनं वळून पाहिलं नाही. वर बघत ती लाडानं म्हणाली, "व्हय, बसते की."

आणि परकर गोळा करून ती काठावरनं खाली उतरली.